पुढच्या चाकाचा धारवा

(जबलपूर येथील मराठी वाचकांच्या एका मेळाव्यात अनुवादिकेने केलेले भाषण. जुन्या मोटारगाड्यांच्या देखभालीवरील प्रस्तुत पुस्तकाला परिशिष्ट म्हणून ते येथे दिले आहे.)



अनुवादकाला व्यासपीठावर बोलावण्याची रीत आपल्याकडे फारशी नाही, आणि ती नाही हे एका परीने बरेच आहे. मूळ लेखकाने जे सांगितले त्यात भर घालण्याचा अधिकार अनुवादकाला नसतो. तरीही आपण आग्रह केलात, तेव्हा या पुस्तकातील केवळ एका वाक्याविषयी बोलावे असे मी ठरविले. वाक्य मोटारीच्या पुढच्या चाकांच्या बेअरिंगसंबंधी आहे. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली बाई, यंत्रशास्त्राशी माझा संबंध इतकाच की माझे वडील या शहरातील व्हेइकल फॅक्टरीत फिटर म्हणून लागले आणि चार्जमन होऊन निवृत्त झाले. रांझीच्या घरी संध्याकाळी सायकलवरून उतरणाऱ्या वडिलांच्या हाताला ग्रीसचा जो वास येई, तेवढीच माझी पूर्वतयारी होती.

आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. जबलपुरात तोफांचे गाडे बनविणारा कारखाना १९०४ साली निघाला. त्याच कारखान्यात पुढे जर्मन बनावटीच्या आराखड्यावरून शक्तिमान ट्रक बनू लागले आणि १९६९ साली वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. निस्सान पेट्रोल या जपानी गाडीवरून लष्करासाठी तयार झालेली जोंगा ही या गावाची खास गाडी होय. तिचे नावच मुळी जबलपूरच्या आयुधनिर्माणी व गन कॅरेज कारखान्याच्या इंग्रजी नावांतील आद्याक्षरे जुळवून झालेले आहे. सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन, चारही चाकांना मिळणारी गती आणि पत्र्याचा भक्कम बांधा असलेली ही गाडी १९९९ पर्यंत बनत होती. हा कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पासून आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीकडे गेला. जोंगा मात्र त्याआधीच इतिहासजमा झाली होती. लष्कराने निकालात काढलेल्या जोंगा लिलावात विकल्या गेल्या, आणि त्यांतील एक, पुष्कळ हातांतून फिरून, माझ्या थोरल्या भावाच्या अंगणात येऊन उभी राहिली. दादाला जुन्या गाड्यांचे वेड आहे. वहिनी त्याला दुसरे नाव देतात. ते येथे सांगण्यासारखे नाही.

आता मूळ विषयाकडे वळते. चाक आसाभोवती फिरते, आस गाडीचा भार वाहतो, आणि फिरणारे चाक व स्थिर आस या दोहोंमध्ये घर्षण होते. माणसाने चाक काढले त्या दिवसापासून हा प्रश्न त्याच्यापुढे आहे. आपल्या बैलगाडीत लाकडी तुंबा आसावर फिरे, आणि गाडीवान वेळोवेळी वंगण घालून करकर थांबवी. चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाशी खीळ असे. या खिळीला वैदिक संस्कृतात ‘आणि’ असा शब्द आहे. दोन शब्दांना जोडणारे आपले ‘आणि’ हे अव्यय निराळ्या मुळातून आलेले. परंतु चाकाला आसाशी धरून ठेवणारी वस्तू आणि वाक्याला वाक्याशी धरून ठेवणारा शब्द यांचे उच्चार एक व्हावेत, याची मला उगीचच गंमत वाटत आली आहे.

घसरण्यापेक्षा गडगडणे सोपे, हे फार जुने ज्ञान आहे. इटलीतील नेमी सरोवराच्या तळाशी सापडलेल्या रोमन नौकांवर गोळ्यांवर फिरणाऱ्या बैठकीचे अवशेष मिळाले. १७९४ साली फिलिप व्हॉन या वेल्समधील कारखानदाराने घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या धारव्याचे पेटंट घेतले. आज आपण ज्या जातीच्या बेअरिंगविषयी बोलत आहोत ते मात्र अमेरिकेतले. घोडागाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन यांना १८९८ साली त्याचे पेटंट मिळाले. आपल्या देशात जयपूर येथे १९४६ साली बेअरिंगचा कारखाना निघाला आणि साठीच्या दशकात पुण्याजवळ चिंचवडलाही स्वीडिश कंपनीच्या साह्याने एक निघाला.

टिमकेन यांच्या युक्तीचे मर्म असे. सरळ रस्त्यावर चाकावर पडणारा भार वरून खाली असतो. गाडी वळली की तोच भार बाजूनेही रेटू लागतो. साधे दंडगोल रूळ वरचा भार पेलतात, परंतु बाजूच्या रेट्यापुढे त्यांचा इलाज चालत नाही. म्हणून रूळ एका टोकाला किंचित निमुळते केले आणि आतले व बाहेरचे कडेही त्याच उताराचे ठेवले. रुळांच्या व कड्यांच्या उताराच्या रेषा वाढविल्या तर त्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात, आणि त्यामुळे रूळ न घसरता शुद्ध गडगडतात. असे एक बेअरिंग एकाच दिशेचा बाजूचा रेटा सोसते, म्हणून चाकाच्या हबमध्ये दोन लागतात, एकमेकांकडे पाठ करून बसविलेली. या रचनेचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. कडी निमुळती असल्यामुळे टोकाचा नट जितका आवळावा तितके रूळ कड्यांमध्ये अधिक दाबले जातात, आणि जितका सैल करावा तितकी फट वाढते. अर्थात बेअरिंग कारखान्यात कितीही अचूक घडलेले असो, त्याचे आयुष्य शेवटी नट फिरविणाऱ्या हातावर अवलंबून राहते.

आणि तो हात पुस्तक वाचून चालत असेल तर वाक्यावर.

मूळ पुस्तकात वाक्य साधे होते. चाक फिरवीत नट आवळावा, मग तो एक ‘फ्लॅट’ मागे घ्यावा, आणि त्या जागी कुलूपबंद करावा, असा त्याचा आशय. षट्कोनी नटाच्या सहा बाजूंपैकी एक म्हणजे फ्लॅट. एक फ्लॅट मागे म्हणजे पूर्ण फेऱ्याचा सहावा भाग उलटा. माझ्याजवळ त्या वेळी शब्दकोश होते, विश्वकोशाचे खंड होते, नट मात्र नव्हता. मी लिहिले: ‘नट घट्ट आवळून मग एका सपाटीवर आणावा.’ ‘मागे’ हा शब्द कोठे गळाला हे मला आजही सांगता येत नाही. मसुद्याच्या पहिल्या हातात तो असावा. वाक्य सुबक करताना गेला असावा. सुबकपणाची ही सवय आम्हां भाषेच्या विद्यार्थ्यांना फार असते.

मसुदा घरात पडला होता. दादाच्या जोंगाचे पुढचे डावे चाक गुणगुणू लागले होते, आणि आठ दिवसांवर नागपूरला मामेबहिणीचे लग्न होते. बाबांचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म त्याच आठवड्यात झालेले. डोळ्यावर पट्टी, वाकायचे नाही, धुळीत जायचे नाही. दादा म्हणाला, ‘तुझ्या पुस्तकात सगळं लिहिलंय ना? मग झालं तर.’ मला, खरे सांगायचे तर, अभिमानच वाटला. आपल्या अनुवादाचा पहिला वाचक आपल्याच अंगणात, हातात पाना घेऊन उभा आहे, असे भाग्य किती अनुवादकांना लाभते?

दादाने पानावर बोट ठेवून एकेक वाक्य पाळले. नवी बेअरिंग बसविली, ग्रीस भरले, नट आवळला. ‘एका सपाटीवर आणावा’ याचा अर्थ त्याने असा लावला की नटाची सपाट बाजू वॉशरच्या जिभेसमोर येईपर्यंत नट आणखी फिरवावा. वाक्याचा तो अर्थ होतोच. तो जेथे थांबायला हवा होता तेथून पुढे, आणि उलट सोडायच्या ऐवजी सुलट, त्याने नट फिरविला. चाक जरा जड फिरते असे तो म्हणाला. मी म्हणाले, नवी बेअरिंग आहेत, जड असायचीच. रांझीतल्या रांझीत एक फेरी मारली. हबला हात लावला तर गरम लागला. मे महिना होता. जबलपुरात मे महिन्यात काय गरम लागत नाही?

पहाटे निघालो. दादा, वहिनी, दोन मुले आणि मी. बरगी मागे पडली. धुमा यावयाच्या आधी जळकट वास येऊ लागला. ब्रेक चिकटला असेल म्हणून दादाने गाडी हळू केली. मागून एक ट्रक बराच वेळ भोंगा वाजवीत होता. त्याने आम्हांला ओलांडले आणि क्लीनरने खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढून खालच्या चाकाकडे हात केला. उतरून पाहतो तो डाव्या चाकाच्या टोपणातून ग्रीस वितळून रिमवर ओघळलेले, आणि धूर. चाक जॅकवर घेतले तेव्हा ते हाताने फिरेना. वहिनींनी मुलांना रस्त्यापासून दूर एका बाभळीखाली नेऊन बसविले आणि त्या काही बोलल्या नाहीत. गाडी एका ढाब्याच्या आवारात ठेवून आम्ही बसने नागपूर गाठले.

पुढे जे दिसले ते असे. दाब जास्त झाला की रुळाचे जाड टोक आतल्या कड्याच्या काठाला घासू लागते. त्याने उष्णता वाढते, उष्णतेने ग्रीस पातळ होऊन वाहून जाते, आणि कोरडे पोलाद निळे पडते. रुळांना अंतरावर धरणारा पिंजरा मोडतो, रूळ आडवे होऊन अडकतात, आणि मग आतले कडे आसाच्या खुंटावरच फिरू लागते. आमचे कडे खुंटाला जवळजवळ जडून गेले होते; छिन्नीने कापून काढावे लागले आणि खुंटही बाद झाला. आणखी दहावीस मैल तसेच गेलो असतो तर चाक एक तर जागच्या जागी थांबले असते, नाही तर निघून गेले असते. गाडीत पाच माणसे होती.

घरी परतल्यावर बाबांनी दादाला एक शब्द विचारला नाही. मला म्हणाले, ‘ते पान वाच.’ मी वाचले. डोळ्यांवर पट्टी होती, चेहरा माझ्याकडे नव्हता. ‘पुन्हा वाच.’ पुन्हा वाचले.

‘ह्यात सोडायचं कुठं लिहिलंय, बाळ?’

मी मूळ इंग्रजी काढून वाचले. ते म्हणाले, ‘त्यात आहे. तुझ्यात नाही.’ इतकेच. दादाने मात्र नंतर माझी बाजू घेतली. चाक जड फिरत होते हे त्याच्या हाताला कळले होते, पुस्तकापेक्षा हाताचे ऐकायला हवे होते, असे त्याचे म्हणणे. मला ते पटत नाही. हाताला कळण्याइतका अनुभव ज्याला आहे तो पुस्तक कशाला उघडील?

पट्टी सुटल्यावर दुसरा खुंट आणि नवी बेअरिंग घेऊन बाबांनी मला खाली बसविले. दादाला नव्हे, मला. साडीचा पदर खोचून मी हे काम केले, आणि त्यानंतर तो सबंध अध्याय पुन्हा लिहिला. त्यातील जे पुस्तकात तुटकपणे आले आहे ते येथे जरा सविस्तर सांगते.

गाडी जॅकवर उचलली तरी जॅकच्या भरवशावर तिच्याखाली हात घालायचा नाही; आसाखाली घोडी लावायची आणि मागच्या चाकांना ओट घालायची. चाक, टोपण, आसदांड्याची तबकडी निघाली की समोर दोन नट दिसतात, मध्ये जिभांचा वॉशर. वॉशरची दुमडलेली जीभ सरळ करून बाहेरचा नट काढायचा, मग वॉशर, मग आतला नट. हब ओढताना बाहेरचे बेअरिंग मातीत पडू द्यायचे नाही. अंगठा तेथे ठेवूनच हब ओढावा. जुनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन उजेडात पाहायची. पृष्ठभागावर खड्डे दिसले, निळी झाक दिसली, तर वाद घालू नये. कधी कड्यावर रुळांच्या अंतराने एकसारख्या खुणा दिसतात. खड्ड्यात आपटलेल्या गाडीत त्या ठोशाने पडतात. पण न चालता बराच काळ हादरत राहिलेल्या गाडीतही तशाच खुणा उमटतात. नव्या मोटारी आगगाडीने दूरदूर पाठविल्या जात तेव्हा एक मैलही न धावता त्यांची बेअरिंग अशी खराब झालेली आढळत. आणि एक गोष्ट बाबांनी दोनदा सांगितली: धुतलेले बेअरिंग हवेच्या झोताने गरगर फिरवायचे नाही. पोरे गंमत म्हणून फिरवितात. कोरडे बेअरिंग त्या वेगात फुटले तर रूळ गोळीसारखा सुटतो.

बाहेरचे कडे हबमध्ये ठोकून बसलेले असते. ते काढायला व बसवायला पितळी पंच; लोखंडी पंचाने कड्याला टवका जातो. ठोके समोरासमोर, थोडे थोडे, म्हणजे कडे तिरपे जात नाही. ते बूडाला टेकले की आवाज बदलतो. भद्द भद्द आवाज एकाएकी खणखणीत होतो. हा आवाज कोणत्याही पुस्तकात छापता येत नाही हे मला मान्य आहे, परंतु तो बदलतो एवढे तरी छापता येते, आणि मी ते छापले आहे. जुने बाहेरचे कडे आणि नवे रूळ असा संसार मांडू नये. दोन्ही जोडीनेच बदलावीत.

ग्रीस भरण्याचे काम तळहाताचे आहे. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने रुळांच्या फटींतून ग्रीस दोऱ्यासारखे वर येईपर्यंत. वरून चोपडलेले ग्रीस आत जात नाही. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये. तापल्यावर फुगलेल्या ग्रीसला जागा लागते, नाही तर ते सील फोडून ब्रेकवर येते. दोन जातींची ग्रीस एकत्र करू नयेत. काहींचे मिश्रण पातळ होऊन वाहून जाते. आतले सील बसविताना त्याचा ओठ ग्रीसच्या बाजूला.

आणि आता तो नट. हब चढविला, बाहेरचे बेअरिंग सरकविले, आतला नट हाताने फिरवीत नेला. मग बाबांनी मला एका हाताने चाक फिरवायला आणि दुसऱ्या हाताने पाना धरायला सांगितले. चाक थांबवून नट आवळला तर रूळ वाकड्या जागी दबून बसतात आणि आवळले गेल्याचा खोटा भास होतो. चाक फिरते असले की ते आपापल्या जागी लागतात. दोन्ही दिशांनी फिरवायचे. चाकाला ओढ जाणवू लागली की थांबायचे. मग नट मागे. षट्कोनाची एक बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा हिस्सा. आटे दीड मिलिमीटरचे असतील तर तेवढ्याने नट पाव मिलिमीटर मागे येतो. पण त्यातील बराच भाग आधीचा ताण सुटण्यात खर्ची पडतो. उरते ती फट सामान्यतः मिलिमीटरच्या पन्नासाव्या ते आठव्या भागापर्यंत चालते. समोरच्या या पुस्तकाचे एक पान बोटांत धरून पाहा; साधारण तेवढ्याच जाडीच्या आत सगळा कारभार आहे.

मला वाटले, झाले. बाबा म्हणाले, ‘खरी चूक पुढंच होते.’ वॉशर घातला, बाहेरचा नट आवळला, आणि मला पुन्हा चाक फिरवायला लावले. चाक जड झाले होते! बाहेरचा नट, ज्याला गॅरेजमध्ये चेक नट म्हणतात, आवळताना वॉशरवाटे आतल्या नटाला रेटतो, आट्यांमधील बारीक मोकळीक संपते, आणि नीट लावलेली फट बिघडते. म्हणून चेक नट आवळल्यानंतर पुन्हा तपासायचे, आणि जरूर पडली तर सगळे सोडून पुन्हा लावायचे. आम्हांला तीनदा लावावे लागले. शेवटी डायल गेज लावून बाबांनी माप पाहिले आणि वॉशरच्या जिभा दुमडल्या, एक आतल्या नटावर, एक बाहेरच्या नटावर. मूळ पुस्तकात या पुनर्तपासणीचा उल्लेख नव्हता. मी तो अनुवादिकेची टीप म्हणून घातला आहे. लेखकाच्या पंक्तीत जाऊन बसण्याचा दोष मी पत्करते.

एक खुलासा येथेच करते. एक बाजू मागे, हा सर्व गाड्यांचा नियम नव्हे. काही गाड्यांत दोन बेअरिंगच्या मध्ये ठरावीक लांबीची नळी असते आणि नट पूर्ण आवळावा लागतो. काही गाड्यांत मोकळीक न ठेवता उलट थोडा दाब ठेवतात, आणि तो चाकाच्या बोल्टला काट्याचा तराजू लावून, किती ओढीला चाक फिरू लागते यावरून मोजतात. ज्या गाडीचे काम करावयाचे तिच्या पुस्तिकेतील आकडा प्रथम. पुस्तिका हरवलेल्या गाडीवर आमच्या या रीतीने काम केले तरी शेवटचा निवाडा डायल गेजचा. आणि १९८३ साली आलेल्या मारुती ८०० पासून पुढे जी छोटी मोटार घराघरांत पोचली तिच्या पुढच्या चाकात अशी फट लावण्याची सोयच नाही. त्यामुळे तरुण मेकॅनिकांच्या हाताला हे काम फारसे लागत नाही; त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

तपासणीची एक युक्ती मला फार आवडली. उचललेले चाक वर आणि खाली धरून हलविले आणि ते डगडगले, तर दोष बेअरिंगचा की किंगपिनचा? दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरायचा. ब्रेकने हब व आस एकमेकांना बांधले जातात. डगडग थांबली तर बेअरिंग सैल. तरीही राहिली तर दोष किंगपिनकडे. एका पायाने निदान होते.

आता शब्दांविषयी थोडे, कारण आपल्यापैकी काहींनी पत्रे पाठवून विचारले आहे. मराठी विश्वकोशाने बेअरिंगसाठी ‘धारवा’ हा शब्द स्वीकारला आहे. धारण करतो तो धारवा. घडण चांगली, उच्चार सोपा, आणि मला तो मनापासून आवडतो. या भाषणाला व अध्यायाला मी तेच नाव दिले. परंतु मजकुरात सर्वत्र ‘बेअरिंग’ ठेवले आहे, कारण दुकानात जाऊन धारवा मागणाऱ्या वाचकाला दुकानदार काय देईल हे मला ठाऊक नाही. ‘कोन’ या शब्दाने तर मला फारच छळले. गॅरेजमध्ये आतल्या कड्याला कोन आणि बाहेरच्याला कप म्हणतात. पण ‘कोन नीट बसवावा’ असे छापले तर मराठी वाचक कोनमापक शोधू लागेल. म्हणून ‘आतले कडे’ आणि ‘बाहेरचे कडे’. फटीसाठी कित्येक जण ‘खेळ’ लिहितात. तो शब्द इंग्रजीवरून उचललेला आहे, आणि चाकाला खेळ असावा की नसावा या वाक्याने माणूस उगीच बुचकळ्यात पडतो. मी ‘मोकळीक’ लिहिले. बाबांच्या तोंडी ‘ढील’ हा शब्द येतो, तो हिंदी. जबलपूरची मराठी हिंदीच्या शेजारात वाढली, त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही, पण पुस्तक सांगली-लातूरच्या ग्रंथालयांतही जाणार आहे. तेथे वाचणाऱ्याच्या शेजारी निवृत्त चार्जमन बसलेला असेलच असे नाही.

ते वाक्य आता असे आहे: ‘चाक हाताने फिरवीत नट आवळा. ओढ जाणवताच थांबा. आता नट उलट दिशेने, म्हणजे सैल होण्याच्या दिशेने, षट्कोनाच्या एका बाजूइतका, फेऱ्याचा सहावा भाग, मागे घ्या. येथून पुढे तो आवळू नका.’ एका वाक्याची चार वाक्ये झाली आणि ‘मागे’ हा अर्थ तीन वेळा आला. प्रकाशनाच्या संपादकांनी पुनरुक्तीकडे बोट दाखविले. मी ती काढली नाही, आणि त्यांनीही मग आग्रह धरला नाही.

आज आम्ही जोंगानेच आलो आहोत. ती बाहेर निंबाखाली उभी आहे. चालवून आणल्यावर हबला तळहात टेकवून पाहायचा ही बाबांची शेवटची पायरी: कोमट चालेल, हात ठेववेना तर गाडी तेथेच थांबवायची. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी आताच चलावे. चहानंतर हब निवेल. दादाने जॅक व घोडी बरोबर आणली आहेत. बाबा पलीकडे खुर्चीवर बसले आहेत. प्रश्न त्यांना विचारावेत, परंतु जरा मोठ्याने.